गावाबाहेरचा मुक्काम: किती दूर, किती दिवस

गावात राहायचे नाही आणि गावापासून तुटायचेही नाही, अशा जागी मुक्काम करावा का, केलाच तर किती दिवस आणि कोणत्या अटींवर, हा भारतीय धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे. छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या डोंगरांत त्याची जितकी वेगवेगळी उत्तरे एकमेकांशेजारी सापडतात, तितकी महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडतील. शहराच्या उत्तरेला बौद्ध लेण्यांचा डोंगर, वायव्येला दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ, त्यांच्या वर म्हैसमाळचे पठार, पुढे कन्नडकडे सातमाळ्याची रांग, पितळखोरे आणि गौताळ्याचे जंगल, तर ईशान्येला शंभरेक किलोमीटरवर अजिंठा. दक्षिणेला गोदाकाठी पैठण. या पट्ट्यात दोन हजारांहून अधिक वर्षे भिक्षू, मुनी, महानुभाव, फकीर, वारकरी, मेंढपाळ आणि मजूर तळ ठोकत आणि उठवत आले आहेत.

आता त्यांत एका नव्या मुक्कामाची भर पडते आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. गाडीतच झोपायची सोय, स्वयंपाकाचा ओटा, गॅस, पाण्याची टाकी, शौचालय. डोंगराच्या कडेला, पण शहरापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर गाडी लावायची आणि दोन-चार रात्री काढायच्या, असे हे पर्यटन. घर मागे ठेवून मोकळे होण्याची ओढ त्यामागे आहे, आणि ती ओढ खोटी नाही. पण घर सोबत नेले तर ते सुटले असे म्हणायचे का? चाकांवरच्या घराने माणूस अनिकेत होतो की त्याचा संसारच फक्त जागा बदलतो? हा प्रश्न धर्मपरंपरांना नवा नव्हता, आणि त्यांची उत्तरे आजच्या पर्यटनविषयक चर्चेपेक्षा पुष्कळ खोल गेलेली आहेत.

आधी अंतराचा विचार. विनयपिटकातील महावग्गात राजा बिंबिसार वेळुवन दान करण्यापूर्वी भगवान बुद्धांसाठी योग्य जागा कोणती याचा विचार करतो. जागा गावापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी. लोकांना येणे-जाणे सोयीचे व्हावे. दिवसा गर्दी नसावी, रात्री गलका नसावा. एकांत हवा, पण रोज सकाळी भिक्षापात्र घेऊन गावात जाता येईल आणि ऊन चढण्याच्या आत परतता येईल, एवढ्याच अंतरावरचा. इथे अंतर मोजले जाते ते पायी भिक्षेला जाणाऱ्या माणसाच्या पावलांनी.

संभाजीनगरच्या डोंगरातील लेणी या मापात नेमकी बसतात. तिथे एकूण १२ लेणी आहेत; त्यांतले चौथे, चैत्यगृह, सर्वांत जुने, बाकीची बहुतेक सहाव्या-सातव्या शतकांतली. डोंगरावरून खालचे मैदान स्पष्ट दिसते, पण मैदानातला आवाज वर पोचत नाही. पितळखोऱ्याची दरी अधिक एकाकी वाटते. तरी तीही रानात हरवलेली नव्हती. पैठणहून उत्तरेकडे उज्जैनच्या दिशेने जाणारा व्यापारी मार्ग या डोंगररांगेतून जात असे, आणि तिथल्या शिलालेखांत पैठणच्या एका गंधिक घराण्याने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यांनी, खांब दान दिल्याची नोंद आहे. भिक्षूंच्या एकांताचा खर्च बाजारपेठ उचलत होती. हे लपवण्याची गरज त्या काळी कुणाला वाटली नाही. दात्याचे नाव खांबावरच कोरले गेले.

अजिंठ्याचे १२ क्रमांकाचे लेणे पाहिले की या मुक्कामाचे स्वरूप ध्यानात येते. मधे चौकोनी दालन, तीन बाजूंना चार-चार खोल्या, आणि प्रत्येक खोलीत खडकातच कोरलेले दोन दगडी पलंग. उशीच्या जागी दगडच थोडा उंच ठेवलेला. तिसऱ्या माणसाला जागा नाही, सामानाच्या पेटीला तर नाहीच. विशेष म्हणजे ही खोली त्यात झोपणाऱ्याची नसे. विहार दान द्यायचा तो चारी दिशांच्या संघाला, आलेल्या आणि पुढे येणार असलेल्या सर्व भिक्षूंना, अशी विनयाची रीत आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने १६ क्रमांकाचे लेणे कोरवून दिले तेही संघालाच. आज जो या पलंगावर निजला आहे तो उद्या उठून जाईल आणि त्याची जागा अनोळखी भिक्षू घेईल, हे गृहीत धरूनच डोंगर कोरला गेला. दगड कायमचा आणि राहणारा तात्पुरता, अशी ही विलक्षण व्यवस्था होती.

अन्न आणि पाणी यांबाबत या लेण्यांनी केलेला भेदही महत्त्वाचा आहे. अन्न गावातून यायचे, तेही त्या दिवसापुरते. आजचे अन्न उद्यासाठी साठवून खाणे भिक्षूला वर्ज्य आहे. पाणी मात्र डोंगरातच अडवले जाई. पश्चिम भारतातील बौद्ध लेण्यांत विहारांच्या जोडीने खडकात पाण्याची टाकी खोदलेली आढळतात आणि त्यांत पावसाचे पाणी साठे. मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात या व्यवस्थेला नैतिक वजन आहे. भाकरीचा तुकडा गाव आनंदाने देईल, पण उन्हाळ्यात घागरभर पाणी देताना त्याला विचार करावा लागेल, आणि त्या विचारात गावाला पाडायचे नाही.

मुदतीचा प्रश्न पावसाळ्याने पुढे आणला. भिक्षू वर्षभर हिंडत, पावसातही. तेव्हा लोकांनी तक्रार केली की हे श्रमण हिरवे कोंभ तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात. पाखरेसुद्धा पावसाळ्यात घरट्यात बसतात, यांना तेवढेही कळत नाही. या तक्रारीतून वर्षावास आला, असे विनयपिटक सांगते. आषाढ पौर्णिमेनंतर तीन महिने एकाच ठिकाणी राहायचे. आवश्यक कारणाने बाहेर पडावे लागले तर सात दिवसांच्या आत परतायचे. म्हणजे स्थिर राहण्याचा हा नियम भिक्षूच्या साधनेच्या सोयीसाठी जन्माला आलेला नाही. शेताला आणि जिवांना उपद्रव होऊ नये म्हणून तो आला.

वर्षावास कुठे करू नये याची यादी विनयात आहे: झाडाच्या ढोलीत नको, झाडाच्या बेचक्यात नको, उघड्यावर नको, प्रेते ठेवण्याच्या झोपडीत नको, छत्रीखाली नको, पाण्याच्या रांजणात नको. ज्याला निवारा म्हणता येत नाही त्यात व्रत पाळल्याचे सोंग करायचे नाही, हा त्याचा अर्थ. याच प्रकरणात मात्र तीन अनपेक्षित परवानग्याही येतात. गुराख्यांच्या तळावर वर्षावास करता येतो. व्यापाऱ्यांच्या सार्थाबरोबर, म्हणजे बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर, करता येतो. नावेवरही करता येतो. यांतला गुरांचा तळ मधेच हलला तर काय, असा प्रश्न आला तेव्हा उत्तर मिळाले की तळ जाईल तिकडे जावे. चोरांच्या भयाने गावच उठून दुसरीकडे गेले तरी तसेच: गाव जाईल तिकडे भिक्षूने जावे. गावाची दोन शकले झाली तर जिकडे जास्त माणसे असतील तिकडे.

चालत्या तांड्यात राहून स्थिर राहण्याचे व्रत मोडत नाही, हे ऐकताना विसंगत वाटते. पण या परवानग्या एकत्र वाचल्या की त्यांच्यामागचा विचार उलगडतो. स्थिरता जमिनीच्या तुकड्याशी बांधलेली नव्हती. ज्या माणसांच्या भिक्षेवर भिक्षू जगतो आणि ज्यांना त्याने धम्म सांगायचा, त्या माणसांशी ती बांधलेली होती. माणसे हलली तर सोबत हलणे हीच निष्ठा. माणसे जागेवर असताना त्यांना सोडून जाणे हा व्रतभंग. म्हणून चाकांवरच्या घराला बौद्ध विनयाचा आक्षेप चाकांबद्दल नसता. हे घर कुणाबरोबर चालले आहे आणि कुणावर अवलंबून आहे, एवढेच विनयाने विचारले असते.

वर्षावास हा इतिहासजमा विषय नाही. मराठवाड्यातील विहारांत आजही आषाढ पौर्णिमेपासून तो पाळला जातो, आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे या काळात वाचन होते. भिक्षूंसाठी घातलेल्या नियमाला आता गृहस्थांच्या सामूहिक वाचनाची जोड मिळाली आहे.

जैन परंपरेने याच प्रश्नाला अधिक कडक उत्तर दिले. मुनीने वाहनात बसायचे नाही. जायचे ते पायी, चार हात जमीन पाहत. चातुर्मास एका ठिकाणी, आणि उरलेल्या आठ महिन्यांत एका जागी फार तर एक महिना. याला नवकल्पी विहार म्हणतात. वेरूळच्या ३० ते ३४ या जैन लेण्यांकडे किंवा संभाजीनगरजवळच्या कचनेरच्या तीर्थाकडे पायी निघालेले मुनी आणि साध्वी आजही रस्त्याच्या कडेने दिसतात. इथे परिग्रहाचा विचार निर्णायक आहे: जे बरोबर वाहून न्यावे लागते ते सगळे बंधन, मग ते भिंतींचे असो की गाडीचे. या कसोटीवर कॅराव्हॅन उतरत नाही, आणि ती उतरवण्याची धडपडही करू नये. धर्मसूत्रांतील संन्याशाचे नियम याच वाटेने जातात: पावसाळा सोडून एका जागी थांबायचे नाही, गावात जायचे ते भिक्षेपुरते.

महानुभाव पंथाने या नियमांत मराठी भूमीचा अनुभव ओतला. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी गोदावरीच्या दोन्ही काठांवर फिरले. पैठणला राहिले, वेरूळच्या लेण्यांतही राहिले. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त या मुक्कामांची बारीक वर्णने आहेत. अनुयायांना त्यांनी घालून दिलेला आचार साधा आणि अवघड आहे. अटन करायचे, विजनात बसायचे, गावात भिक्षा मागायची, ती पाण्याकाठी जाऊन खायची. देशाच्या टोकाला, झाडाखाली आयुष्य घालवायचे. ओळखीपाळखीच्या गावात, सग्यासोयऱ्यांच्या सावलीत राहायचे नाही. ओळख वाढली की मान मिळू लागतो, मान मिळू लागला की पाय अडकतो, हे त्यामागचे निदान आहे. विनयाच्या आणि महानुभाव आचाराच्या दृष्टीतला फरक इथे दिसतो: तिथे माणसांशी बांधिलकी टिकवायची म्हणून नियम, इथे त्याच माणसांचा लोभ जडू नये म्हणून नियम. दोन्हींत भिक्षेसाठी गाव लागतेच. फक्त गावाकडे पाठ किती करायची, याबाबत मतभेद.

आणि तरीही याच पंथाने ‘स्थानपोथी’ लिहिली. स्वामी कुठे एक रात्र वसतीला राहिले, कुठे काही दिवस त्यांचे अवस्थान झाले, कुठे नुसते आसन झाले. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होते, जागा दाराच्या कोणत्या हाताला होती, याची त्यात गावोगावची नोंद आहे. त्या जागांवर पुढे ओटे बांधले गेले आणि लोक तिथे नमस्काराला येऊ लागले. ज्याने जागेचा लोभ धरू नका म्हटले, त्याच्याच बैठकीच्या जागा जपल्या गेल्या. याला ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. गुरू देहाने गेल्यावर स्मरणाला टेकण्यासाठी काहीतरी लागते, आणि फिरत्या गुरूच्या बाबतीत ते त्याचे मुक्कामच असतात. पण धर्माच्या इतिहासातला हा कायमचा पेच आहे, आणि अजिंठ्याचे राजाश्रयाने सजलेले विहारही त्यातच अडकलेले आहेत. तात्पुरता निवारा जितका पवित्र मानला जातो, तितका तो तात्पुरता राहणे कठीण होते.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगजेबाची दख्खनमधली मोहीम म्हणजे तंबूंचे एक फिरते नगर होते. त्या काळात बुखाऱ्याकडून आलेले दोन नक्शबंदी फकीर या भागात होते, गुरू आणि शिष्य. गुरू बाबा शाह पलंगपोश मोगल फौजेच्या छावणीबरोबर फिरत. शिष्य बाबा शाह मुसाफिर औरंगाबादला एका तकियात बसून राहिले. दोघांच्या आठवणी आणि वचने एकाच फार्सी मल्फूजात एकत्र केलेली आहेत. एकाने छावणीतल्या शिपायांना सोबत दिली, दुसऱ्याने वाटसरूंना थांबायला जागा दिली. शिष्याचा तकिया म्हणजेच आजची पाणचक्की. डोंगराकडून बंद नळाने काही किलोमीटर पाणी आणून त्यावर जाते फिरवले जाई आणि फकीर व यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. एकाच परंपरेत चालणारा आणि बसलेला दोघेही सारखेच मान्य असणे, ही या प्रश्नावरची फार मोकळी भूमिका आहे. बसलेल्याने चालणाऱ्यांची सोय पाहावी, एवढी अट त्यात आपोआप येते.

पैठणचे संत एकनाथ गृहस्थ होते. त्यांनी घर सोडले नाही. त्यांच्या पादुका मात्र दरवर्षी ज्येष्ठात पैठणहून पायी निघतात आणि आषाढी एकादशीला पंढरपुरात असतात. पालखीबरोबरच्या दिंड्यांचे ट्रक हे या मुलखातले खरे चालते घर. मोठी पातेली, शेगड्या, ताडपत्र्या, बांबू, वळकट्या, रंगाने नावे लिहिलेल्या पत्र्याच्या पेट्या असे सगळे त्यात रचलेले असते. वारकरी चालत असतात, ट्रक पुढे जाऊन मुक्कामाच्या गावी पोचतो, मेखा ठोकून राहुट्या उभ्या राहतात, टँकरपाशी बादल्यांची रांग लागते. पहाटे सगळे गुंडाळून पुन्हा ट्रकात. इथे चाकांवरचे घर आहे, पण त्यात बसून कुणी वारी करत नाही; घर सामानासाठी, वाट पायांसाठी. शिवाय मुक्कामाचे गाव भाकरी-पिठले घेऊन पुढे येते आणि दिंडी त्या गावाला कीर्तन देते. भिक्षूच्या अंतराची अट इथे उलटी झाली आहे: गावच चालत मुक्कामापाशी येते. जाताना मैदान कसे सोडले जाते, यात मात्र सगळ्याच दिंड्या सारख्या जबाबदार नसतात, आणि भक्तीच्या नावाखाली त्याकडे डोळेझाक करणे बरोबर नाही.

धर्माच्या नावाविना मुक्काम करणाऱ्यांचाही यात समावेश व्हायला हवा, नाहीतर विचार अर्धवट राहतो. धनगरांचा वाडा पीक निघाल्यावर शिवारात उतरतो. शेतकरी रात्री मेंढ्या शेतात बसवून घेतो, लेंड्या आणि मुताने जमिनीला खत मिळते, आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. वाडा उठून गेल्यावर जमीन आधीपेक्षा कसदार असते. मुक्कामाने जागेचे भले करून जावे, याचे इतके चोख उदाहरण कोणत्याही संप्रदायाच्या आचारसंहितेत नाही.

भटक्या जमातींच्या पालांना मात्र गावाने वेगळ्याच नजरेने पाहिले. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश राजवटीने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, संशय गेला नाही. गावाबाहेर झाडाखाली बसलेला साधू पूज्य आणि त्याच झाडाखाली पाल ठोकलेले कुटुंब संशयित, ही विषमता धर्माच्या कोणत्याही कसोटीवर टिकत नाही. मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांचा मुक्काम तर पूर्णपणे गरजेचा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी लेकराबाळांसह कारखान्यांकडे निघतात आणि पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत हंगाम काढतात. त्यांनी घर सोडले ते वैराग्याने नाही. अपरिग्रह त्यांच्यावर लादलेला आहे, आणि लादलेल्या अपरिग्रहाला व्रत म्हणता येत नाही.

या सगळ्यांच्या शेजारी कॅराव्हॅन ठेवली की तिचा खरा प्रश्न समोर येतो. ती चालते हा दोष नाही. विनयाने चालत्या तांड्यातही व्रत मान्य केले आहे. ती स्वतःचे पाणी आणते हा तर गुण आहे. म्हैसमाळसारख्या हजारेक मीटर उंचीच्या पठारावर, जिथे उन्हाळ्यात गावकऱ्यांनाच पाणी पुरत नाही, तिथे लेण्यांच्या टाक्यांचाच धर्म ती पाळते. तिची उणीव दुसरीकडे आहे. शीतकपाटात चार दिवसांचे अन्न भरून आलेल्या माणसाला गावाची गरज उरत नाही, आणि गावाला त्याची काही खबर नसते. भिक्षू, महानुभाव, फकीर, वारकरी, धनगर यांच्यात कितीही फरक असला तरी एक गोष्ट समान आहे: त्यांच्या मुक्कामाने गावाशी देवघेव सुरू होते. कुणी अन्न घेऊन उपदेश देतो, कुणी पीठ दळून देतो, कुणी खत देतो. देवघेव नसलेला मुक्काम एकांताचा दिसतो, पण परंपरांनी ज्याला एकांत म्हटले तो हा नव्हे. गावात जाऊन भाजी-भाकरी विकत घेणे, ज्याची जमीन आहे त्याला विचारून गाडी लावणे, कचरा आणि मैलापाणी परत नेणे, पावसाळ्यात कच्च्या रानात चाके न घालणे, एवढे केले तरी हे अंतर बरेच कमी होते. वर्षावास सुरू झाला तो अशाच तुडवल्या गेलेल्या कोंभांवरून.

पर्यटकांच्या तळावर पाणी, वीज आणि शौचालय असावे हे धोरण म्हणून ठरवता येते, हे कॅराव्हॅनच्या धोरणाने आता सिद्ध केले आहे. मग हेच तीन शब्द ऊसतोड मजुरांच्या तळासाठी आणि भटक्यांच्या पालांसाठी आधी लागू व्हायला हवेत. शासनाने, कारखान्यांनी आणि ग्रामपंचायतींनी मुक्कामाच्या सोयींचा क्रम लावताना, ज्यांना परतायला घर आहे त्यांच्याआधी ज्यांचे घर हंगामभर ताडपत्रीखाली आहे त्यांचे नाव लिहावे.